सायप्रसच्या लाकडाचं तेल: आकडे वाचण्याआधी झाड विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साबणात घालायला ‘सायप्रस वुड ऑइल’ या नावाने तुम्ही दोन ठिकाणांहून नमुने मागवले. पहिल्याच्या रिपोर्टमध्ये अल्फा-पायनीन निम्म्याहून जास्त, डेल्टा-३-कॅरीन वीस टक्क्यांच्या आसपास आणि सेड्रॉल जेमतेम दोन टक्के. दुसऱ्यात पायनीन जवळजवळ नाहीच. तिथे अल्फा-सेड्रीन, थुजॉप्सीन आणि सेड्रॉल ही नावं वर आहेत, आणि बाटलीच्या तळाशी पांढरे खडे जमलेत. शिवाय ‘हिनोकी’ (म्हणजे जपानी सायप्रस) म्हणून घेतलेल्या तिसऱ्या बाटलीवर हिनोकिटिऑल या रेणूचे गुण छापलेत, पण रिपोर्टमध्ये त्याचं नावच नाही. यातलं खरं कोणतं आणि भेसळ कुठे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पहिलं तेल लाकडाचं नाही. ते पानांचं आणि कोवळ्या फांद्यांचं आहे. दुसरं लाकडाचंच आहे, फक्त ते बहुधा चिनी सायप्रसचं आहे आणि बाजारात ते बऱ्याचदा ‘चायनीज सेडारवुड’ या नावाने फिरतं. खडे हे सेड्रॉलचे स्फटिक आहेत, त्यांची काळजी करू नका. आणि जपानी हिनोकीच्या लाकडाच्या तेलात हिनोकिटिऑल दिसलं नाही, तर तेल खोटं ठरत नाही. लेबल चुकीचं ठरतं.

सगळा घोळ नावापासून सुरू होतो. सायप्रस हे एका झाडाचं नाव नाही. क्युप्रेसेसी या कुळात क्युप्रेसस, कॅमेसायपॅरिस, कॅलिट्रिस, ज्युनिपेरस, थुजा अशा बऱ्याच प्रजाती येतात आणि त्यातल्या कित्येकांना व्यापारात कुठे ‘सायप्रस’ तर कुठे ‘सेडार’ म्हणतात. अमेरिकेतलं व्हर्जिनिया सेडारवुड तेल ज्युनिपरच्या झाडाचं असतं. आपला हिमालयातला देवदार हा खरा सेडार, पण तो पाइनच्या कुळातला. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारतो: झाडाचं दोन शब्दी शास्त्रीय नाव काय, आणि झाडाचा कोणता भाग तेल काढायच्या भट्टीत घातला? ही दोन उत्तरं नसतील तर रिपोर्टमधल्या टक्केवारीची तुलना कशाशीच करता येत नाही. (कोकण किनाऱ्यावरचा सुरू दिसायला सायप्रससारखा वाटला, तरी तो कॅज्युरिना आहे. त्याचा या कुळाशी काही संबंध नाही आणि त्याच्या लाकडातून असं तेल निघत नाही. हे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून लिहून ठेवलं.)

पान आणि लाकूड यांच्या तेलात इतका फरक का पडतो, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पानांच्या तेलग्रंथींमध्ये झाड मुख्यतः दहा कार्बनचे हलके रेणू साठवतं. त्यांना मोनोटर्पीन म्हणतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या क्युप्रेसस सेम्परव्हिरेन्स या झाडाचं जे ‘सायप्रस ऑइल’ जगभर विकलं जातं, ते याच पानाफांद्यांचं असतं. त्यात अल्फा-पायनीन साधारण निम्मं, डेल्टा-३-कॅरीन पंधरा ते पंचवीस टक्के आणि सेड्रॉल थोडंसं, हा त्याचा नेहमीचा साचा. तुमच्या पहिल्या रिपोर्टशी तो तंतोतंत जुळतो. पुरवठादाराने नावात ‘वुड’ हा शब्द कशासाठी जोडला, हे तोच जाणे. पण तेल स्वतः निर्भेळ असू शकतं.

लाकडाची गोष्ट वेगळी. खोडाच्या बाहेरच्या पांढुरक्या लाकडातून पाणी वाहतं आणि त्यातल्या काही पेशी जिवंत असतात. आतलं गाभ्याचं लाकूड मात्र पूर्ण मेलेलं असतं. बाहेरचं लाकूड गाभ्यात बदलतं, त्या सीमेवरच्या पेशी मरण्याआधी बुरशी आणि वाळवी यांच्याविरुद्ध लागणारी रसायनं तयार करून तिथे भरून ठेवतात. नंतर त्यात भर पडत नाही. दशकानुदशकं तीच पुरवायची असतात. त्यामुळे गाभ्यात पंधरा कार्बनचे, जड, सावकाश उडणारे सेस्क्विटर्पीन आणि त्यांचे अल्कोहोल (म्हणजे ऑक्सिजन जोडलेली रूपं, जसं सेड्रॉल) सापडतात. अल्फा-पायनीन १५६ अंश सेल्सिअसला उकळतं, अल्फा-सेड्रीन २६० अंशांच्या पुढे. शंभर अंशांच्या फरकामुळे पायनीन उघड्या वखारीत पडलेल्या ओंडक्यातूनही उडून जातं आणि सेड्रॉल मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

भट्टीवर याचा परिणाम लगेच दिसतो. पानांचं तेल वाफेबरोबर भराभर येतं. लाकडाचा भुसा किंवा बारीक चिपा घातल्या तर पहिल्या तासात जे येतं ते हलकं, आणि त्यानंतर तासन्‌तास वाफ चालू ठेवावी लागते, तेव्हा कुठे जड भाग उतरतो. इंधन वाचवायला कोणी भट्टी लवकर बंद केली तर त्याच झाडाच्या त्याच लाकडाचा रिपोर्ट वेगळा येतो: हायड्रोकार्बन जास्त, अल्कोहोल कमी. पांढुरकं लाकूड जास्त मिसळलं असेल तर मुळात तेलच कमी निघतं. म्हणून टक्केवारीत पाच-सात अंकांचा फरक दिसला की लगेच भेसळ म्हणू नये. आकडे हलले तरी रेणूंचं घराणं हलत नाही. मी रिपोर्ट वाचताना आधी घराणं पाहतो, आकडे नंतर.

आता तुमची दुसरी बाटली. क्युप्रेसस फ्युनेब्रिस म्हणजे चीनमधला झुकलेल्या फांद्यांचा सायप्रस. याच्या लाकडाचं, बुंध्यांचं आणि मुळांचं तेल मोठ्या प्रमाणावर निघतं आणि त्यासाठी आयएसओ ९८४३ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. मानकाच्या शीर्षकात त्याला ‘चिनी प्रकारचं सेडारवुड तेल’ असंच म्हटलंय, म्हणजे नावाचा घोळ मानकातही शिरला आहे. या तेलात चार नावं दिसलीच पाहिजेत: अल्फा-सेड्रीन, बीटा-सेड्रीन, थुजॉप्सीन आणि सेड्रॉल. यातलं अल्फा-सेड्रीन बीटापेक्षा नेहमीच बरंच जास्त असतं. यांच्या जोडीला थोडं विड्रॉल आणि क्युपॅरीन येतं. पायनीन आणि कॅरीन नाममात्र.

सेड्रीनमध्ये १५ कार्बन आणि २४ हायड्रोजन. सेड्रॉलमध्ये १५ कार्बन, २६ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. दोघांत फरक फक्त पाण्याच्या एका रेणूचा. आम्लाचा स्पर्श झाला की सेड्रॉल पाणी सोडून सेड्रीन होतं. कारखान्यात हे मुद्दाम करतात; सेड्रीनवर पुढे अ‍ॅसिटिल गट चढवून जो कीटोन मिळतो, तो जगभरच्या साबणात आणि अत्तरात लाकडी वासासाठी प्रचंड वापरला जातो. सेड्रॉलपासून सेड्रिल अ‍ॅसिटेट आणि सेड्रिल मिथाइल ईथर हेही वासाचे पदार्थ बनतात. गंमत म्हणजे शुद्ध सेड्रॉलचा स्वतःचा वास फारच मंद असतो. जुन्या पेन्सिलीला तासताना जो वास यायचा, त्यातला मोठा वाटा बाकीच्या घटकांचा. सेड्रॉलचा तीन कड्यांचा सांगाडा प्रयोगशाळेत पहिल्यांदा उभा केला तो गिल्बर्ट स्टॉर्क आणि क्लार्क यांनी, १९५५ साली. इतका लहान रेणू आणि त्यात इतकी गुंतागुंत, म्हणून त्या काळच्या संश्लेषणातलं ते मोठं काम मानलं जातं.

खड्यांचं म्हणाल तर शुद्ध सेड्रॉल ८६-८७ अंशांना वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते घनच असतं. तेलात ते विरघळलेलं असतं, पण प्रमाण जास्त असेल आणि थंडी पडली की तळाशी सुयांसारखे किंवा साखरेसारखे स्फटिक बसतात. एक करा: बाटलीचं बूच सैल करून ती पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास उभी ठेवा, मग बूच घट्ट लावून हलक्या हाताने फिरवा. खडे पूर्ण विरघळले आणि तेल एकसंध झालं की मगच त्यातून नमुना काढा किंवा वापरा. ही गोष्ट छोटी वाटते, पण वरवरचं तेल ओतून तपासणीला पाठवलं तर सेड्रॉल कमी दिसतं आणि तळाचं पाठवलं तर भरमसाट. एकाच पिंपाचे दोन रिपोर्ट जुळत नाहीत अशी तक्रार माझ्याकडे येते तेव्हा मी आधी हेच विचारतो: पिंप गरम केलं होतं का? उलट बाजूही लक्षात ठेवा. चीनमध्ये सेड्रॉल थंड करून वेगळं काढून स्वतंत्र विकतात आणि उरलेलं तेल स्वस्तात जातं. अशा तेलात कधीच खडे पडत नाहीत. ते दिसायला स्वच्छ असतं आणि टिकायला कमी.

रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा, तेही सांगतो. बहुतेक प्रयोगशाळा जीसी-एमएसवर नमुना चालवतात, म्हणजे तेलाची वाफ एका लांब नळीतून (स्तंभातून) नेऊन रेणू वेगळे करतात आणि त्यांचं वस्तुमान मोजतात. प्रत्येक रेणूचं आलेखावर एक शिखर उमटतं, यंत्रातली लायब्ररी प्रत्येक शिखराला एक नाव सुचवते आणि तेच नाव छापून येतं. मोनोटर्पीनच्या बाबतीत हे बरंचसं खपून जातं. सेस्क्विटर्पीनच्या बाबतीत खपत नाही, कारण यांच्यातले कितीतरी रेणू एकाच वस्तुमानाचे आणि फुटतातही जवळपास सारखेच. लायब्ररी फार तर आडनाव सांगते. घर क्रमांक हवा असेल तर रिटेन्शन इंडेक्स पाहावा लागतो, म्हणजे सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनच्या पट्टीवर तो रेणू नेमका कुठे बाहेर पडला तो आकडा. डीबी-५ जातीच्या स्तंभावर अल्फा-सेड्रीन १४१० च्या आसपास, बीटा-सेड्रीन १४२० च्या आसपास आणि थुजॉप्सीन १४३० च्या आसपास येतं. आता अडचण पाहा: लवंगेत आणि इतर शेकडो तेलांत असणारं कॅरिओफायलीनही १४२० च्या अगदी लगत येतं. त्यामुळे घाईत केलेल्या रिपोर्टमध्ये बीटा-सेड्रीनच्या जागी कॅरिओफायलीन छापलेलं मी नेहमी पाहतो. त्याहून वाईट जोडी सेड्रॉल आणि विड्रॉलची. या स्तंभावर एकाचा आकडा १६००, दुसऱ्याचा १५९९. ही दोन शिखरं एकमेकांत मिसळतात आणि रिपोर्टमध्ये सगळं सेड्रॉलच्या खात्यावर जमा होतं. म्हणून सेड्रॉलच्या टक्केवारीवर सौदा ठरत असेल तर दुसऱ्या, ध्रुवीय स्तंभावरही नमुना चालवा असं प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा. आणखी एक: इंजेक्टरमधला काचेचा लाइनर मळलेला असेल तर सेड्रॉलसारखं अल्कोहोल तिथेच पाणी सोडतं आणि सेड्रीन फुगलेलं दिसतं. चांगला विश्लेषक नवा लाइनर घालून पुन्हा चालवतो.

सेड्रीन, थुजॉप्सीन आणि विड्रॉल एकत्रच का येतात, हे जीवरसायनातून कळतं. झाडाकडे पंधरा कार्बनचा एकच कच्चा माल असतो, फार्नेसिल डायफॉस्फेट. त्याची साखळी एका बाजूने वळून कडं बनलं की बिसाबोलिल नावाचा धनभारित मधला टप्पा तयार होतो. तिथून एक वाट अ‍ॅकोरेनमार्गे सेड्रीन आणि सेड्रॉलकडे जाते. दुसरी क्युप्रेनिल, चमिग्रेनिल असं करत थुजॉप्सीनकडे आणि पुढे विड्रॉलकडे. दोन्ही वाटा एकाच फाट्यावरून निघतात, म्हणून ज्या लाकडात एक सापडतं त्यात बहुधा दुसरंही सापडतं. रिपोर्टमध्ये भरपूर सेड्रॉल आहे पण थुजॉप्सीन अजिबात नाही, असं दिसलं तर मला शंका येते की कोणीतरी वेगळं काढलेलं सेड्रॉल वरून घातलंय.

हेच घराणं अमेरिकेतल्या दोन ज्युनिपरांतही आहे. व्हर्जिनिया तेल ज्युनिपेरस व्हर्जिनियानाचं, त्यात अल्फा-सेड्रीन पुढे. टेक्सास तेलात थुजॉप्सीनचा वाटा वाढतो. त्यामुळे चिनी तेल महागड्या व्हर्जिनिया तेलात मिसळलं तर नुसत्या नावांवरून पकडता येत नाही. तिथे प्रमाणांचा आणि बारीकसारीक घटकांचा हिशोब करावा लागतो. देवदाराचं तेल मात्र चटकन ओळखू येतं. त्यात अल्फा, बीटा आणि गॅमा हिमाचलीन आणि अटलँटोन असतात, सेड्रॉलचं घराणं तिथे नसतं. ध्रुवित प्रकाश चिनी आणि अमेरिकी तेलं डावीकडे वळवतात, देवदाराचं उजवीकडे. एक साधा पोलॅरिमीटर असला तरी एवढं काम होतं. महाराष्ट्रात ज्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं केली आहेत त्यांनी शंभरपट भिंगाखाली जे ‘सेडारवुड ऑइल’ थेंबभर टाकलं असेल, तो या वनस्पती-घराण्याशी आपला जुना परिचय. ते तेल घट्ट केलं की त्याचा अपवर्तनांक १.५१५ च्या आसपास, म्हणजे काचेच्या जवळ येतो, म्हणून ते तिथे लागतं.

आता हिनोकी, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. कॅमेसायपॅरिस ओब्ट्युसा हे जपानचं झाड. नारा इथल्या होर्यूजी मंदिराच्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या उभ्या लाकडी वास्तूंमध्ये मोजल्या जातात, त्या याच लाकडाच्या. इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ साली. त्यासाठीही हेच लाकूड, मुख्यतः किसोच्या जंगलातलं. इतकी शतकं लाकूड टिकतं यामागे गाभ्यातलं तेल हे एक कारण आहे, आणि ते तेल सेड्रॉलच्या घराण्याचं नाही.

हिनोकीमध्ये फार्नेसिलची साखळी वेगळ्या बाजूने वळते. आधी दहा कार्बनचं मोठं कडं, मग ते मधून जोडलं जाऊन दोन सहाकोनी कडी: हा कॅडिनेन सांगाडा. म्हणून हिनोकीच्या लाकडाच्या तेलात गॅमा-कॅडिनीन, डेल्टा-कॅडिनीन आणि त्यांचे अल्कोहोल दिसतात: टी-कॅडिनॉल, टी-म्युरोलॉल, अल्फा-म्युरोलॉल, अल्फा-कॅडिनॉल. वाळवी आणि बुरशी यांच्याविरुद्धच्या चाचण्यांत यातलं अल्फा-कॅडिनॉल पुन्हा पुन्हा प्रभावी ठरलेलं आहे. हे चारही अल्कोहोल एकाच वस्तुमानाचे, २२२. डीबी-५ वर यांचे आकडे १६४०, १६४२, १६४६ आणि १६५४ च्या आसपास येतात. पंधरा अंकांच्या आत चौघं. स्तंभ जुना असेल किंवा तापमान भराभर चढवलं तर पहिली दोन शिखरं एकच होतात आणि रिपोर्टमध्ये एकच नाव छापून येतं. हिनोकीचा रिपोर्ट हातात आला की मी आधी १६४० ते १६५५ हा पट्टा मोठा करून पाहतो. तिथे शिखरांची खांदे असलेली रांग दिसली तर तेल लाकडाचं. पानांच्या तेलात सॅबिनीन, अल्फा-टर्पिनिल अ‍ॅसिटेट आणि एलेमॉल पुढे येतात, हा पट्टा तिथे असा भरत नाही.

इथे एक सूक्ष्म गोष्ट. हिनोकीच्या ताज्या लाकडात अल्फा-पायनीनही बऱ्यापैकी असतं. त्यामुळे वर पानांच्या तेलाबद्दल जे लिहिलं त्याचा अर्थ ‘पायनीन दिसलं म्हणजे पानं’ असा काढू नका. लाकूड वाळवायच्या भट्टीत सुकवलेल्या फळ्यांचा भुसा वापरला तर पायनीन आधीच उडालेलं असतं आणि कॅडिनॉल वर येतात. ओल्या ओंडक्याच्या चिपांत पायनीन भरपूर. दोन्ही तेलं खरी, वास मात्र वेगळा: एक कोरडं आणि गोडसर, दुसरं पाइनकडे झुकणारं.

हिनोकिटिऑलची कथा तैवानमधली आहे. तेत्सुओ नोझोए हे जपानी रसायनशास्त्रज्ञ तेव्हाच्या ताइहोकू इम्पीरियल युनिव्हर्सिटीत काम करत होते. तैवानच्या हिनोकीच्या तेलात त्यांना एक गडद लाल पदार्थ मिळाला, आणि तो लोखंडाला बांधलेला एक आम्लधर्मी रेणू निघाला. १९३६ साली त्यांनी तो मोकळा रेणू वर्णन केला, तो हिनोकिटिऑल. त्यात सात कार्बनचं ‘अ‍ॅरोमॅटिक’ कडं आहे (इथे या शब्दाचा अर्थ सुवासिक नव्हे, बेंझीनसारखं स्थिर), जे तोवरच्या सेंद्रिय रसायनात बसतच नव्हतं. या वर्गाला पुढे ट्रोपोलोन म्हणू लागले. हिनोकिटिऑल तैवानी हिनोकीत आणि जपानच्या आओमोरी भागातल्या हिबा या झाडात मोजण्याइतकं असतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न रेड सेडारच्या गाभ्यातही तो आणि त्याचे भाऊबंद आहेत. तिथे होल्गर एर्टमान आणि यार्ल ग्रिपेनबर्ग या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना थुजाप्लिसिन हे नाव दिलं. जपानी हिनोकीत मात्र त्याचा फक्त लवलेश. रेणूला नाव हिनोकीचं मिळालं म्हणून प्रत्येक हिनोकी तेलाच्या बाटलीवर त्याचे गुण छापायचे, हे सरळसरळ चुकीचं आहे. आणि खरं तैवानी हिनोकी तेल आता सहज मिळतही नाही. तैवानने १९९१ पासून नैसर्गिक जंगलातली तोड बंद केली. स्वस्तात ‘तैवानी हिनोकी’ मिळत असेल तर प्रश्न विचारा.

ज्या तेलात हिनोकिटिऑल खरोखर आहे, ते लोखंडाला लागू देऊ नका. गंजलेलं पिंप, लोखंडी कंडेन्सर, साधा पत्र्याचा डबा, काहीही. लोह उचलून तेल लालसर होत जातं. स्टेनलेस स्टील आणि काच वापरा. तपासायचं असेल तर थोडं तेल सौम्य कॉस्टिकच्या पाण्यात हलवा: हिनोकिटिऑल आम्लधर्मी असल्याने पाण्यात उतरतं. ते पाणी वेगळं करून पुन्हा आम्ल केलं, द्रावकात काढलं आणि फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की रंग गडद होतो. फिनॉल वर्गातले इतर रेणूही फेरिक क्लोराइडला रंग देतात, त्यामुळे ही चाचणी पहिल्या चाळणीसारखी वापरा, शिक्कामोर्तब जीसी-एमएसवरच.

बाकीच्या सायप्रसांबद्दल थोडक्यात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नूटका सायप्रसचं लाकूड फार वेगळं आहे. त्यात कार्वाक्रॉल हे ओव्यातल्या थायमॉलच्या जवळचं फिनॉल मिळतं, नूटकाटिन नावाचं ट्रोपोलोन मिळतं आणि नूटकाटोनही. ग्रेपफ्रूटच्या वासासाठी प्रसिद्ध असलेला नूटकाटोन पहिल्यांदा सापडला तो याच लाकडात, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याला डास-गोचीड पळवणारा घटक म्हणून मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कॅलिट्रिस इंट्राट्रोपिकाचं लाकूड सालीसकट वाफवलं तर तेल निळं येतं, कारण त्यात ग्वायअ‍ॅझुलीन असतं. जोडीला ग्वायॉल, बल्नेसॉल आणि युडेस्मॉल. हा रंग पाहून कोणी कृत्रिम रंग घातलाय असं समजू नका. आपल्याकडे गढवाल-कुमाऊँमध्ये चुनखडीच्या डोंगरांवर वाढणारा सुराई, म्हणजे क्युप्रेसस टोरुलोसा, आहे. त्याचं लाकूड इमारतीला आणि धुपाला चालतं, पण तेल म्हणून बाजारात येतं ते बहुतेक पानांचंच. तेव्हा कोणी ‘हिमालयन सायप्रस वुड’ विकत असेल तर भाग कोणता, हे लेखी मागा.

भेसळीचं म्हणाल तर या तेलांत दुसऱ्या झाडाच्या तेलापेक्षा स्वस्त द्रावक जास्त घातले जातात: डायएथिल थॅलेट, आयसोप्रोपिल मिरिस्टेट, डायप्रोपिलीन ग्लायकॉल, लिक्विड पॅराफिन. थॅलेट जीसी-एमएसवर १४९ वस्तुमानाच्या ठळक तुकड्याने लगेच उघडा पडतो, पण कित्येक रिपोर्टमध्ये ‘सुगंधी घटक नाही’ म्हणून तो यादीतच घेत नाहीत आणि उरलेल्याची बेरीज शंभर करून देतात. म्हणून यादीबरोबर मूळ क्रोमॅटोग्रामचं चित्र मागा. अल्कोहोलमध्ये तेल ढवळून ढगाळ झालं तर पॅराफिन, ही जुनी चाचणी इथे फसवी आहे. सेड्रीन-थुजॉप्सीन भरपूर असलेलं खरं तेलही नव्वद टक्के अल्कोहोलमध्ये सहज विरघळत नाही.

प्रयोगशाळेचा खर्च करण्याआधी घरीच एक वजन करा. अचूक काट्यावर दहा मिलिलिटर तेल मोजून ठेवा. सायप्रसच्या पानांचं तेल साधारण ८.७ ग्रॅम भरतं. चिनी सायप्रसच्या लाकडाचं साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. तुमच्या पहिल्या दोन बाटल्यांतला फरक हातातल्या काट्यावरच दिसेल. मग कागदाच्या पट्टीवर प्रत्येकी एक थेंब घ्या आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. पहिला जवळजवळ उडालेला असेल, दुसरा तसाच बसलेला.

साबणासाठी कोणतं घ्यायचं? थंड पद्धतीने साबण करत असाल तर दुसरं. सेड्रीन, थुजॉप्सीन आणि सेड्रॉल यांत कॉस्टिकने तुटण्यासारखं काही नाही. ते जड असल्यामुळे साबण मुरत असताना उडूनही जात नाहीत आणि बाकीच्या हलक्या वासांना धरून ठेवतात. पानांचं तेल साबणात घातलं तर चारसहा आठवड्यांच्या मुरवणीत त्याचा ताजेपणा बराच निघून जातो. त्यापेक्षा महत्त्वाचं, ते हवेला लागून जुनं झालं की पायनीन आणि कॅरीन ऑक्सिडाइज होतात, आणि जुनं कॅरीन काहींच्या त्वचेला त्रास देतं. पाइनच्या कुळातल्या तेलांसाठी सुगंध उद्योगाच्या संघटनेने पेरॉक्साइडची मर्यादा दहा मिलिमोल प्रति लिटर ठरवली आहे. सायप्रस त्या कुळात येत नाही, पण रेणू तेच आहेत, त्यामुळे मी सायप्रसच्या पानांच्या तेलालाही तीच मर्यादा लावतो आणि पुरवठादाराकडून पेरॉक्साइडचा आकडा घेतल्याशिवाय ते त्वचेला लागणाऱ्या मालात वापरू देत नाही. बाटली काठोकाठ भरलेली, गडद काचेची आणि फ्रिजमध्ये ठेवा. अर्धी झाली की लहान बाटलीत काढा.

हिनोकीचं तेल साबणात घालायला हरकत नाही, कॅडिनॉलही अल्कलीत टिकतात. पण त्या किमतीचं तेल धुऊन घालवण्यापेक्षा मलमात किंवा अत्तरात वापरलेलं बरं. आणि उद्या कोणी खरं हिबाचं तेल दिलं, तर त्यातलं हिनोकिटिऑल कॉस्टिकबरोबर लगेच मीठ होऊन बसेल आणि पाण्यात लोह असेल तर वडीवर डाग पडतील. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर त्या तेलाची आधी एकच वडी करून पाहा, आणि तीही डिस्टिल्ड पाण्यात.